सेट हाय

वस्तू जागेवर ठेवायची, दोन पावलं मागं यायचं, मान जराशी कलती करून बघायचं, दोन्ही तळवे पॅन्टला मागून पुसायचे आणि म्हणायचं, "सेट हाय." मग ती वस्तू सोफा असो, समई असो, नाहीतर खोट्या पेरूंची परडी असो. एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे कॅमेरा चालू होत नसे. दिग्दर्शक 'ॲक्शन' म्हणायचा ते नंतर. खरी परवानगी दादांची.

मालिकेच्या सेटवर सामान हलवणारी, भिंती सरकवणारी, पडदे बदलणारी जी माणसं असतात, त्यांना सरसकट 'सेटिंगवाले दादा' म्हणतात. त्यातले हे सगळ्यांत जुने, म्हणून नुसतेच दादा. नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. आपलं नाव टीव्हीवर शेवटी भर्रकन पळत जातं त्याचीही त्यांना लाज वाटायची.

तुम्ही संध्याकाळी टीव्हीवर तो ऐसपैस बंगला बघता ना, तो हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गाळ्यात असतो. आमच्या एका बाजूला स्टीलचे डबे बनायचे, दुसऱ्या बाजूला गाद्या. डब्यांचं मशीन सुरू झालं की आमच्या सासूबाईंना भावुक संवाद मध्येच गिळावा लागे आणि कुणीतरी धावत जाऊन शेजाऱ्यांना हिंदीत विनवण्या करून येई. बंगल्याला छप्पर नाही, कारण वर दिवे टांगायचे असतात. जिना ऐटीत वर जातो आणि मध्येच संपतो. देवघराचं मागचं दार उघडलं की समोर कुलर आणि रंगाचे डबे. नवीन आलेल्या माणसाला तिथं एकटं बसवत नाही म्हणतात ते उगाच नाही. शूटिंग नसताना त्या दिवाणखान्यात बसलं की कुणीतरी आत्ताच उठून आतल्या खोलीत गेलंय असं वाटत राहतं, आणि आतली खोली तर मुळात नसतेच.

मी कंटिन्युइटी बघते. मागच्या शॉटमध्ये पदर डाव्या खांद्यावर होता का, कपात चहा किती होता, घड्याळात किती वाजले होते, हे सगळं जुळवायचं. कटकट्या बाईचं काम आहे आणि ते मला शोभतं असं आमच्या घरचे म्हणतात. पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीचंही तेच मत आहे. असो.

तर दादांचा शब्द. इंग्रजीतला एवढासा शब्द, पण दादांनी त्याला घरगड्यासारखं राबवलं. कामाला जाताना ते 'सेटवर' जायचे. चहाच्या कपांचा एक सेट, त्यातला एक कप फुटला की "सेट गेला" म्हणून दिवसभर हळहळायचे. भिंतीवर पीओपी लावलं की कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, "सेट होऊ दे" म्हणायचे. घरून डब्यात दही यायचं, ते रात्री सेट झालं की नाही यावर त्यांचं सकाळचं तोंड अवलंबून असायचं. मेकअपवाली आणि लाइटवाला एकाच वडापावातून खाऊ लागले तेव्हा सगळ्या युनिटच्या आधी दादांना कळलं. "त्यांचा सेट हाय," ते मला म्हणाले, आणि लग्नाची पत्रिका येईपर्यंत पुन्हा त्याबद्दल चकार शब्द नाही.

मोबाइललाही ते सेटच म्हणायचे. "माजा सेट चार्जिंगला लाव, बाय." मला ते बाय म्हणायचे. खाडीकाठच्या राई गावाकडची माणसं मुलीला, बहिणीला, म्हातारीलाही बाय म्हणतात. दादा राईचे. आजा मिठागरावर होता, बाप भातशेती करायचा, आणि दोन्हींवर आता टॉवर उभे आहेत. दादा त्यातला एक टॉवर लांबून दाखवून म्हणायचे, "त्याच्या पार्किंगमदी आमचा भात व्हायचा." हे सांगताना रडगाणं नसायचं. मिठागरात माती बडवून चोपडी करायची असते, ती जमीन नीट सेट झाली नाही तर मीठ काळं पडतं, हे आजा सांगायचा म्हणे. आजाने तो शब्द वापरला असेल असं मला वाटत नाही. पण दादांच्या आठवणीत आजाही 'सेट'च म्हणायचा.

एकदा माझ्या बहिणीने सेटची परीक्षा दिली. प्राध्यापक व्हायला लागते ती. दादांना फार कौतुक वाटलं. "म्हंजे खुर्च्या कुठं ठेवायच्या, ह्ये पन आता परीक्षेत विचारतात?" मी समजावून सांगितलं तर खट्टू झाले. आपण सहज पास झालो असतो असं त्यांना वाटलं असावं.

आमची पहिली ओळख भांडणातून झाली, आणि भांडण होतं हारावरून. मालिकेत माणसं मरतात तुम्हाला माहीतच आहे. मेलं की भिंतीवर फोटो लागतो आणि फोटोला चंदनाचा हार. आता तो फोटो जिवंत नटाचा असतो. बाहेर चहा पीत उभा असतो बिचारा. दादांचा नियम असा, की जिवंत माणसाला हार शॉटपुरता. पॅकअप झालं की ते स्टुलावर चढून हार काढायचे, कापडी पिशवीत गुंडाळून ठेवायचे आणि सकाळी पुन्हा घालायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. पगारात धरलेलं नव्हतं. पण सकाळी घातलेला हार कालच्यासारखा कसा पडणार? एक टोक वर, एक खाली. प्रेक्षक बघत नाहीत म्हणतात, पण मी बघते. मी त्यांच्यावर जाम उखडले. हा हार काढायचा नाही, भिंतीला चिकटवून टाका, म्हटलं.

दादांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रात्रभर कशाला ठेवायचा, बाय? बगनारा कोन नसतो. मंग तो खरा होतो."

मी कपाळावर हात मारला. पण त्या दिवसापासून हाराचा रोज सकाळी एक फोटो काढायचा आणि त्याप्रमाणे टोकं जुळवायची, हे काम आम्ही दोघं मिळून करू लागलो. तेच आमचं मैत्र. मी खालून सांगायची, ते वर स्टुलावर.

मग मालिकेत थोरला भाऊ मेला. खरं तर तो मालिका सुरू होण्याआधीच मेलेला होता, फक्त लेखकाला हे उशिरा सुचलं. नुसत्या भिंतीवरच्या फोटोसाठी कुणी नट आणत नाही. युनिटमधल्याच कुणाच्या भावाचा, मेहुण्याचा फोटो फ्रेम करतात. आर्ट डायरेक्टर घाईत येऊन म्हणाला, "दादा, कोई जवान लड़के का फोटो है क्या? अभी चाहिए." दादांनी सेट काढला आणि आपल्या मुलाचा फोटो दाखवला.

प्रितेश त्याचं नाव. एकुलता एक. आयटीआय करून कंपनीत लागला होता, तिथं मन रमलं नाही, आणि आईच्या माहेरी मामाची मच्छीची बोट होती तिच्यावर जाऊ लागला होता. फोटोत हळदीतला पिवळा टी-शर्ट, केसांना जेल, आणि हसू असं की आर्ट डायरेक्टर म्हणाला, अरे, हा तर हिरो आहे. टी-शर्टचा रंग कॉम्प्युटरवर बदलला, हसू तसंच ठेवलं.

दादांच्या बायकोने त्या दिवशी फोनवर जे काही ऐकवलं ते फोन कानाला न लावताही मला ऐकू येत होतं. जित्या पोराला हार घालतोस, हात झडले न्हायत का तुजे, वगैरे. दादा हसत होते. "सेटवर हाय गो ते. खरा थोडाच हाय." घरात महिनाभर अबोला होता. प्रितेशला मात्र भारी मजा वाटली. मित्र त्याला 'स्वर्गवासी' म्हणू लागले. एकदा तो वडिलांचा डबा घेऊन आला तेव्हा स्वतःच्या फोटोखाली उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले, आणि मला म्हणाला, "मॅडम, काढा ना फोटो." मी काढला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. दादा सुद्धा, पण हसता हसता त्यांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केला.

पॅकअप झालं की दादा आता आधी तो हार काढायचे, मग बाकीचं.

मग एक दिवस दादांच्या पुतण्याची हळद होती. राईतली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. दादा लवकर निघाले. दुसऱ्या सेटिंगवाल्याला हार काढायला सांगून गेले, पण त्याला वाटलं म्हातारा सवयीने बोलतोय. आणि दुसऱ्या दिवसापासून युनिट आउटडोअरला गेलं. गाळ्याला कुलूप लागलं. आत अंधारात तो छपराविना बंगला, भिंतीवर प्रितेश, आणि त्याच्या गळ्यात हार.

त्याच आठवड्यात तो गेला. जाळं ओढताना बोट कलली, तोल गेला. वारा फार होता असं मामा म्हणाला. बाकीचे परत आले. कितीतरी दिवस बोटी शोधत फिरल्या, किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना कळवलं, पोलिसांत गेले. काही हाती लागलं नाही. चप्पल नाही, टी-शर्ट नाही.

दादा कामावर परत आले तेव्हा आम्हाला कुठे बघावं कळेना. आर्ट डायरेक्टरने फोटो आधीच उतरवून ठेवला होता, दुसरा कुणाचा तरी लावला होता. दादांनी तो बघितला, स्टुल आणलं, तो काढला आणि आपल्या मुलाचा परत लावला. नंतर मला म्हणाले, बायको रोज सिरियल बघते. सासूबाईंच्या डोक्यामागे एवढासा दिसतो, तेवढ्यासाठी बघते. जी बाई फोटो लावला म्हणून महिनाभर बोलली नव्हती, तिला आता तो तिथं हवा होता.

पण फोटोतला थोरला भाऊ मेलेला. हाराशिवाय चालत नव्हतं. आणि तो घालायचा कुणी, तर दादांनी. मी दुसऱ्याला सांगून बघितलं. दादांनी त्याच्या हातातून हार काढून घेतला. रोज सकाळी ते स्टुलावर चढायचे, मी खालून टोकं बघायची. मला सांगवत नव्हतं. उजवीकडे थोडं खाली, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत. शेवटी मी टोकं बघायचं सोडलं. जसा पडेल तसा पडेल. त्या दिवसांतले भाग कुणी लक्ष देऊन बघितले तर हार दर शॉटला वेगळा दिसेल. दिसू दे.

त्यांचा शब्द गेला होता. सोफा ठेवून ते नुसते बाजूला व्हायचे. दिग्दर्शकाला कळायचं नाही की झालं की अजून व्हायचंय, तो वाट बघत बसायचा. मग कुणीतरी म्हणायचं, झालं असावं. फोनचं बोलताना तेवढा तो शब्द यायचा. प्रितेशचा नंबर ते दिवसातून कधीही लावायचे. कानाला लावून ऐकायचे आणि मला सांगायचे, "सेट बंद येतोय." सवयीने. जसं काही तो खरंच कुठे चार्जिंगला लावून विसरलाय.

मेकअपवालीने एकदा धीर द्यायला म्हणून सांगितलं, दादा, वेळ जाऊ दे, हळूहळू सगळं सेट होईल. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, आपण सगळेच असं म्हणतो. दादा पंख्याखाली बसले होते. शांतपणे म्हणाले, "पीओपी होतं. दही होतं. मानसाचं कसं होईल, बाय?" ती पोरगी आत जाऊन रडली.

हाराची गोष्ट त्यांनी मला पुढे कधीतरी जेवणाच्या सुट्टीत सांगितली. डबा उघडा होता, जेवत नव्हते. हळदीला नाच चालू असताना त्यांना आठवलं होतं, की आपण सांगितलं पण त्या पोराने हार काढला नसणार. उठून हाटकेशला यायचं मनात आलं होतं. रिक्षाने कितीसं लांब. मग वाटलं, लोक हसतील. आणि म्हटलं, सेटवर तर हाय, खरा थोडाच हाय. जे बायकोला सांगितलं तेच स्वतःला सांगितलं आणि पुन्हा नाचायला गेले.

मी म्हटलं, दादा, वाऱ्याचा आणि हाराचा काय संबंध? जगात असं होत नाही. मी खूप बोलले. बोलता बोलता माझाच आवाज खोटा वाटायला लागला, कारण आम्ही बसलो होतो त्या देवघरातला देवही थर्माकोलचा होता आणि शूटिंगला आलेली प्रत्येक बाई त्याला नमस्कार करून जायची. दादांनी ऐकून घेतलं. त्यांना वाद घालायचा नव्हता. त्यांना काहीतरी मागायचं होतं.

"तुमच्या सिरियलीत मेलेली मानसं परत येतात ना," ते म्हणाले. "मागं ती काकू आली. जलून मेली व्हती, तरी आली. मंग ह्याला आना. ह्याला आनलात तर हार काढावा लागंल. सगल्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर काढावा लागंल." मग जरा थांबून म्हणाले, "तो उतरला ना बाय, तर माजा पोर येईल."

मी काय करायला हवं होतं ते तुम्ही मला सांगा. मी लेखकाकडे गेले. तो आधीच डोकं धरून बसला होता, मालिकेत काही घडत नव्हतं आणि वरून रोज विचारणा होत होती. थोरला भाऊ परत आणू या का, म्हटल्यावर त्याने मला जवळजवळ मिठीच मारली. चार दिवसांत ठरलं. अपघातात स्मृती गेली होती, कुठल्याशा आश्रमात होता, आता येतो.

मी दादांना सांगितलं तेव्हा ते एक टीपॉय उचलून नेत होते. खाली ठेवला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी प्रत्येक वस्तू ठेवून झाल्यावर ते पूर्वीसारखे खणखणीत "सेट हाय" म्हणत होते. सगळं युनिट एकमेकांकडे बघत होतं. लोकांना वाटलं, म्हातारा सावरला. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

आता यातली साधी गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही. थोरला भाऊ परत येणार म्हणजे कुणीतरी नट येणार. नट येणार म्हणजे भिंतीवरचा फोटो त्याचा असायला हवा. प्रेक्षकांना कुठे आठवतोय मागचा चेहरा, असं ठरलं. तो नट आला. बरा मुलगा होता, नाशिककडचा. त्याचा फोटो फ्रेम होऊन आला आणि दादांच्याच हातात दिला गेला.

दादा स्टुलावर चढले. आधी हार काढला, खाली मला दिला. मग प्रितेशचा फोटो काढला आणि छातीशी धरून खाली उतरले. दुसरा फोटो लावला. त्याला हार घातला. मी खाली उभी होते. प्रितेशला त्यांनी जुन्या पडद्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवलं.

परत येण्याच्या सीनला सगळे जमले होते. दार उघडतं, मुलगा उंबऱ्यात उभा, अंगावर मळके कपडे. आई ताट हातात घेऊन देवघरातून बाहेर येते, त्याला बघते, ताट पडतं. मग ती जवळ जाते, त्याचा चेहरा चाचपते आणि म्हणते, "आलास?" बाई फार चांगली नटी आहे. तिने तो शब्द असा उच्चारला की शेजारच्या गाळ्यातलं मशीन सुरू झालं असतं तरी आम्हाला ऐकू आलं नसतं.

आणि दादा चालत आत गेले.

टेक चालू होता. कॅमेरे चालू होते. आयुष्यभर या माणसाची सावलीसुद्धा कधी फ्रेममध्ये आली नव्हती, तो सरळ दिवाणखाना ओलांडून उंबऱ्यापाशी गेला आणि त्या नटासमोर उभा राहिला. हात वर झालेला. तो नाशिकचा पोरगा घाबरला नाही, हलला नाही, तसाच बघत राहिला. दिग्दर्शकाने 'कट' म्हटलं नाही. नटीने तोंड फिरवलं.

दादांनी तो हात खाली आणला. वाकले. उंबऱ्याजवळचं पायपुसणं उचललं, पुन्हा तिथंच ठेवलं. "वाकडं व्हतं," म्हणाले. आणि आमच्याकडे न बघता कॅमेऱ्याच्या मागे अंधारात येऊन उभे राहिले. पायपुसणं वाकडं नव्हतं. ते सरळ आहे की नाही बघायचा पगार मला मिळतो.

सीन पुन्हा झाला. आईने फोटोवरचा हार काढला, तोही कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांसमोर, अगदी त्यांनी मागितलं होतं तसा. दादा बघत होते. फोटो कुणाचा आहे हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं की नव्हतं, मला कधी कळलं नाही. संध्याकाळी पिशवी घेऊन निघाले. मी राईपर्यंत सोडते म्हटलं तर नको म्हणाले, आधी धक्क्यावर जायचं होतं. जेट्टीवर. आज बोट येईल, असं म्हणाले.

त्यानंतर ते कामावर आले नाहीत. मी फोन करायची. फोनवर कधी बायको असायची. नवरा रोज धक्क्यावर जाऊन बसतो म्हणायची. तिचं आणि दिराचं म्हणणं पडलं होतं की आता विधी करून टाकावा. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. जीव लटकत ठेवू नये म्हणतात. भटजी तयार, दीर तयार, सगळी भावकी तयार. दादा उठून जायचे. पानांचा माणूस करायचा म्हटल्यावर एकदा त्यांनी भटजींना विचारलं म्हणे, की आयुष्यभर मी खोटं उभं करत आलो, आता माझ्या पोराचंही करू का? ती मला म्हणाली, "माजा जीव टांगनीला लागलाय, बाय. तू तरी सांग त्यांना. त्याला सुटू दे." ती रडत होती आणि चिडलीही होती. दोघंही मला बरोबर वाटत होते, म्हणून मी दोघांनाही काही सांगितलं नाही.

मग दादाच गेले. सकाळी उठलेच नाहीत. पुतण्याने अग्नी दिला.

आम्हाला कळायला उशीर झाला. तेराव्यानंतर मी राईला वहिनींना भेटायला गेले. जाताना चंदनाचा हार घेतला, रिकाम्या हाताने कसं जायचं. घर लहान, लख्ख, खाडीकडून वारा येत होता. समोरच्या भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी. दादांचा नवा, आणि तो आमच्या आर्ट डायरेक्टरने फ्रेम करून दिलेला. दोन्हींना हार नव्हता. मला वाटलं, आता तरी वहिनींनी दोघांचे विधी एकदम उरकून घेतले असतील. तेवढंच त्यांच्या मनासारखं झालं असेल. माझ्याकडे एकच हार आहे याचं मला वाईट वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, मी अजून एक घेऊन येते, कोपऱ्यावरच मिळतो.

"नको," त्या म्हणाल्या. "पोराला नको."

विधी करा, विधी करा म्हणून याच माझ्यापाशी रडल्या होत्या.

"म्या भांडत व्हते, खरं हाय," त्या म्हणाल्या. "ते व्हते ना तवा. घरात एक मानूस तरी वाट बगनारा व्हता, म्हनून मी भांडत व्हते. आता मी न्हाय बगितली तर कोन बगील?"

मला स्टुल आणून देऊन त्या शेजारी उभ्या राहिल्या. मी चढले. दादांच्या फोटोला हार घातला आणि खाली उतरले. त्यांनी स्टुल उचलून आत नेलं.